आपला डॉक्टर यादीत नसेल तर पॉलिसी कोणत्या कामाची?

निवृत्त_गुरुजी (अमळनेर)
जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला. नोकरीत असताना मेडिकलच्या बिलावर सिव्हिल सर्जनची सही आणायला खेटे घालावे लागत, पण पैसे मिळत. निवृत्तीनंतर ते दार बंद झालं म्हणून आम्हा दोघांची आरोग्य विम्याची पाच लाखांची पॉलिसी काढली. एजंटने कंपनीशी जोडलेल्या दवाखान्यांची यादी उघडून दाखवली, त्यात जळगावचा आमचा दवाखाना होता. मला स्टेंट टाकणारे डॉक्टर तिथलेच. हिची शुगर तर त्यांना फाइल न उघडता पाठ.

काही महिन्यांपूर्वी हिला घेऊन गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणे, "काका, या कंपनीचं कॅशलेस आपल्याकडे बंद झालं." म्हणजे बिल आधी आपण भरायचं, कंपनीकडे नंतर मागायचं. कधीपासून? दिवाळीपासून. आम्हाला ना फोन, ना पत्र. दीड लाखाची एफडी मोडली.

माझं मत पक्कं झालंय. आपल्या वयाला आधी डॉक्टर ठरवायचा आणि त्याच्या दवाखान्यात चालेल तीच पॉलिसी घ्यायची. बाकीच्या अटी नंतर.

आकडेमोड (जळगाव)
गुरुजी, राग रास्त आहे, पण काढलेला अर्थ उलटा आहे. नेटवर्क म्हणजे कंपनी आणि दवाखाना यांच्यातला दरांचा करार. दर पटले नाहीत की तुटतो, पुन्हा जुळतो. जी गोष्ट दिवाळीला मोडू शकते तिच्यावर जन्मभराची पॉलिसी कशी निवडणार? आणि तुमच्या डॉक्टरांनी उद्या दुसरीकडे बसायला सुरुवात केली तर?

दुसरं, डॉक्टर आपल्याला भेटतो ओपीडीत. ती फी बहुतेक पॉलिसी देतच नाहीत. पॉलिसी आहे ती दाखल झाल्यावरच्या बिलासाठी, आणि त्या बिलाची खरी कात्री असते खोलीभाड्याच्या अटीत. समजा ३ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का. म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली तर नुसता भाड्यातला फरक जात नाही. अशा बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात निम्मं होतं. औषधं आणि स्टेंटसारखे इम्प्लांट यातून सुटतात. ज्येष्ठांच्या पुष्कळ पॉलिसींत वर को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला आपला ठरलेला हिस्सा असतो, तो वेगळा. डॉक्टर यादीत असूनही घरून ८० हजार भरलेले लोक मी पाहिलेत. हो, मी बँकेत होतो, म्हणून कागद वाचायची खोड.

सातपुडा_पायथा (शहादा)
तुमचं जळगाव-जळगाव चालू द्या. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मोठं दुखणं म्हणजे सुरत. मामांना तिकडेच नेलं. तेव्हा कळलं की त्यांची पॉलिसी स्वस्त झोनची होती. महागड्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठरलेला हिस्सा आपला. एजंटने हे सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं.

पण माझं मत गुरुजींच्या बाजूने. आमच्याकडे म्हणतात, आपला डॉक्टर म्हंजे घरना मानूस शे. रात्री दोनला फोन उचलतो तोच. अटींचं पुस्तक फोन उचलत नाही.

लेक_पुण्यात
आई-बाबा चाळीसगावला, मी इकडे. मला वाटायचं पुण्याची मोठी हॉस्पिटलं यादीत आहेत, झालं काम. बाबा यायला तयारच नाहीत. त्यांचा विश्वास गावातल्या आठ खाटांच्या दवाखान्यावर. मग मीच पॉलिसीत "हॉस्पिटल"ची व्याख्या शोधली. दवाखान्याची कायद्याने हॉस्पिटल म्हणून नोंदणी हवी. ती नसेल तर १० लाखांहून कमी वस्तीच्या गावात निदान १० खाटा, चोवीस तास नर्स, स्वतःचं ऑपरेशन थिएटर वगैरे. यात बसलं नाही तर यादी सोडा, बिल भरून नंतर मागितलेले पैसेही मिळत नाहीत. डॉक्टरांना नोंदणीचा कागद मागायला मला लाज वाटत होती. मागितला. हसून दिला त्यांनी.

भुसावळ_लोको
आम्हा रेल्वेवाल्यांचं बरंय. निवृत्त होताना एकदा पैसे भरले, आता उमीद कार्ड, म्हणजे रेल्वेचं उपचाराचं कार्ड. पण डॉक्टर आपल्या पसंतीचा नाही हं! आधी रेल्वे दवाखाना, त्यांनी चिठ्ठी दिली तर बाहेर. कुरकुर करतो, पण हप्ता नाही म्हणून गप्प बसतो.

निवृत्त_गुरुजी (अमळनेर)
आकडेमोडसाहेब, गणित मान्य. पण ऐनवेळी दीड लाख आणायचे कुठून, हे तुमच्या गणितात नाही. क्लेमचे पैसे दोन महिन्यांनी आले, तेही कापून. आणि तो "कॅशलेस एव्हरीव्हेअर"? जानेवारी २०२४ मध्ये गाजावाजा झाला की यादीबाहेरही कॅशलेस मिळेल. ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवा, अचानक दाखल झालात तर ४८ तासांच्या आत. मी कळवलं. दवाखानाच नाही म्हणाला. त्याने हो म्हटल्याशिवाय ते चालत नाही.

आकडेमोड (जळगाव)
हे खरं आहे, माघार घेतो. तेवढ्यासाठी यादीत एक नाही, दोन दवाखाने बघावेत: एक जिल्ह्यातला, एक नाशिक किंवा संभाजीनगरचा. पण मोबाइलवरच्या यादीवर जाऊ नका. दवाखान्याच्या टीपीए काउंटरवर (विम्याचं काम बघतात तिथे) कंपनीचं आणि पॉलिसीचं नाव सांगून विचारा. एकाच कंपनीची एक पॉलिसी चालते, दुसरी नाही, असंही असतं.

तापीकाठ (चोपडा)
सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढलं का? ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाख. खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. मात्र योजनेतल्याच दवाखान्यात.

निवृत्त_गुरुजी (अमळनेर)
मला सत्तरीला अजून दोन वर्षं आहेत. मी पोर्ट करतोय, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेतोय. नूतनीकरणाच्या दीड महिना आधी अर्ज द्यावा लागतो. जुन्या आजारांचा खर्च मिळायला लागण्याआधी जी वाट बघायची मुदत असते, ती जेवढी संपली तेवढी धरली जाते, म्हणजे पहिल्यापासून मोजायला नको. स्टेंट फॉर्ममध्ये लिहिलाय. एजंट म्हणत होता राहू द्या.

आकडेमोड (जळगाव)
लिहिलात ते उत्तम, आणि एजंट बदला. पण स्टेंट बघून नवी कंपनी नाही म्हणू शकते, तिला तो हक्क आहे. होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी सोडू नका. आणि खोलीभाड्याचं पान वाचलंत का?

निवृत्त_गुरुजी (अमळनेर)
वाचतो. चष्मा हिच्याकडे आहे. पण पहिला फोन डॉक्टरांनाच करणार, ते कुठे बसतात ते विचारायला.