बाबांना दा नांगची आतषबाजी दाखवायची आहे, पेरणीच्या आधी न्यावं की नंतर?

पऱ्हाटी_दारव्हा

नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यातलं, घरी कापूस आन तूर, सगळं वरच्या पाण्यावर. प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

माझे बाबा गावच्या जत्रेत दारूकाम, म्हणजे शोभेची आतषबाजी, करायचे. विकतचं नाही, घरचं. कुंभाराकडून दारू भरायला मातीचे नळे आणायचे, तुराट्या जाळून कोळसा पाडायचा, तो पाट्यावर वाटून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा, लोहाराकडून लोखंडाचा कीस आणायचा, पंधरा दिवस घरात गंधकाचा वास. लहानपणी तो वास आला की जत्रा आली एवढंच मला कळायचं. 2006 साली एक नळा हातातच फुटला, डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि त्याच बाजूचा कान बसला. तेव्हापासून बाबांनी दारूला हात लावला नाही, जत्रेतलं दारूकामही तिथंच थांबलं.

मागच्या महिन्यात मी त्यांना मोबाईलवर व्हिएतनाममधल्या दा नांग शहराच्या आंतरराष्ट्रीय आतषबाजी स्पर्धेचा व्हिडिओ दाखवला. सात-आठ वेळा पाहिला त्यांनी. त्यात एक जागा आहे, आभाळात सोनेरी झाड उमलते आणि त्याच्या फांद्या हळूहळू पाण्यापर्यंत लोंबत येतात, तिथं बरोबर व्हिडिओ थांबवायला लावतात. म्हणे, "हा कोळसाच हाये. माह्या नळ्याचाच रंग हाये हा. पण इतका वेळ इझत काऊन नाई?"

मला उत्तर देता आलं नाही. पण तेव्हाच ठरवलं की बाबांना हे डोळ्यानं दाखवायचं. त्यांनी समुद्रही पाहिला नाही अजून.

अडचण अशी की स्पर्धा जूनच्या आसपास सुरू होऊन जुलैत संपते, म्हणजे ऐन पेरणीत, आणि मृग लागल्यावर बाबा दारव्ह्याला पण जात नाहीत. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा, कोणती रात्र धरावी, कुठं बसावं, तिकीट लागते का. आणि त्या कोळशाचं कोणाला माहीत असेल तर तेही सांगा, बाबा रोज विचारतात. गावात परत असं काही करता येईल का हाही एक प्रश्न मनात आहे.

भटकंती_अमरावती

दादा, आम्ही दोघं 2024 ला गेलो होतो, 13 जुलैच्या फायनलला. फिनलंड विरुद्ध चीन होतं, फिनलंडनं जिंकली. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सनं जिंकली होती.

आधी तारखांचं सांगतो. स्पर्धा 2008 पासून आहे, सुरुवातीला दोन-तीन रात्रींचीच असायची, 2017 पासून लांबवली आणि आता साधारण शनिवारी-शनिवारी एकेक रात्र करत महिना-दीड महिना चालते. 2023 ला 2 जूनला सुरू झाली, 2024 ला 8 जूनला, 2025 ला 31 मेला आणि फायनल तिन्ही वर्षी जुलैच्या दुसऱ्या शनिवारी. म्हणजे तुमच्याकडं दोन दारं आहेत, एकतर मृगाच्या आधीची किंवा मृगाला लागून येणारी पहिली रात्र, नाहीतर पेरणी उरकून डवरणीच्या टायमाला फायनल. पुढच्या वर्षीच्या तारखा जाहीर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

एका रात्री दोन देशांच्या टीम असतात, प्रत्येकीला वीस मिनिटांच्या आसपास, सगळं गाण्यावर बसवलेलं. गाण्याशी मेळ, रंग, नवी कल्पना, एकूण बांधणी असं सगळं परीक्षक पाहतात. लोकांना वाटते की स्पर्धा समुद्रावर होते पण ती होते हान नदीवर, नदी शहराच्या मधून जाते आणि समुद्र तिथून दीड-दोन किलोमीटरवर, मी खे नावाचा बीच. नदीकाठी तिकिटाची गॅलरी बांधतात. फुकट पाहायचं असेल तर पूल आणि नदीचे दोन्ही काठ आहेत पण गर्दी इतकी असते की संध्याकाळी पाचला जागा धरून बसावं लागते. सत्तरीजवळच्या माणसाला घेऊन जाताय तर गॅलरीचंच तिकीट घ्या, खुर्ची मिळते, यात पैसे वाचवू नका.

शनिवार-रविवारी रात्री नऊला ड्रॅगन पुलाच्या तोंडातून जाळ आणि मग पाणी सोडतात, 666 मीटरचा पूल आहे, 2013 ला झाला. बाबांना तो जाळ नक्की आवडेल, फक्त पाण्याच्या वेळी जरा मागं उभं रहा. स्पर्धेच्या रात्री गर्दीत जमेलच असं नाही म्हणून रविवार हातात ठेवा.

जाण्याचं म्हणाल तर आम्ही नागपूरहून मुंबई, मुंबईहून हनोई आणि तिथून आतल्या विमानानं दा नांग असे गेलो. ई-व्हिसा घरबसल्या होते, एका प्रवेशाचे 25 डॉलर. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. शाकाहारी असाल तर हॉटेलच्या पाटीवर "चाय" शब्द शोधा, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी, आम्ही पहिले दोन दिवस ते चहाचं दुकान समजून पुढं जात होतो.

जुना_शॉटफायरर

वणीकडच्या कोळसा खाणीत 31 वर्षं शॉटफायरर, म्हणजे सुरुंग उडवणारा, होतो, आता रिटायर. आतषबाजी माझा धंदा नाही पण दारू ती दारूच, आणि हा विषय मी आवडीनं वाचत आलो आहे. तुमच्या वडलांनी व्हिडिओत पाहून कोळसा ओळखला हे वाचून मन भरून आलं. त्यांना सांगा, बरोबर ओळखलं.

आता ते इझत का नाही. आभाळात जो गोळा फुटतो त्याच्या आत शेकडो बारक्या गोळ्या भरलेल्या असतात, तिकडं त्यांना स्टार म्हणतात. सोनेरी झाडासाठी त्या गोळीत कोळसा जास्त घालतात आणि गोळी घट्ट बांधतात, त्यामुळं ती सावकाश जळते आणि जळता जळता तिच्यातून कोळशाचे बारीक निखारे झडत राहतात. आपल्याला जी लोंबती फांदी दिसते ती म्हणजे हवेत जळत खाली येणारे निखारे. तुमच्या बाबांच्या नळ्यात लोखंडाचा कीस होता, तो भडकन फुलतो, फाटे फुटतात आणि संपतो. रंग जवळचा दिसला तरी चाल वेगळी. शिवाय उंची पहा, नळ्याची ठिणगी दोन पुरुष उंच जाते आणि सहा इंची गोळा सहाशे फुटांवर जाऊन फुटतो, तिथून खाली यायला निखाऱ्याला वेळ मिळतो. आणि तुराटीचा कोळसा ही काही अडाणी गोष्ट नव्हे, हलका कोळसा दारूला चांगला म्हणून आपल्याकडं पिढ्यानपिढ्या तुराटीच वापरत आले.

बाकी रंग क्षारांचे. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा. निळा सगळ्यात अवघड, आच जरा जास्त झाली की रंग देणारं तांब्याचं संयुगच मोडते आणि निळा पांढरट पडते. बाबांना म्हणावं गर्द निळा दिसला की समजा कारागीर पक्का आहे.

गाण्यावर फोडणं कसं जमते तेही सांगतो, कारण माझं अर्धं आयुष्य डिलेच्या, म्हणजे कोणता सुरुंग किती उशिरानं उडवायचा याच्या, हिशोबात गेलं. गोळा नळीतून सुटल्यावर वर जाऊन फुटायला वेळ घेतो, सहा इंचीला चार सेकंदाच्या आसपास. म्हणजे ठोक्यावर फुटायचा तर चार सेकंद आधी सोडला पाहिजे, तीन इंचीचा हिशोब वेगळा. हे सगळं कॉम्प्युटरवर आधी मांडतात आणि विजेच्या काडीनं पेटवतात, हातात कोणी काही धरत नाही. बाबांना हे मुद्दाम सांगा.

बसण्याबद्दल माझं मत, जितकं समोर मिळेल तितकं समोर बसा. आवाज सेकंदाला 340 मीटर चालतो, सातशे मीटरवर बसलात तर फूल आधी दिसते आणि दणका दोन सेकंदानं येते, मग गाण्याशी मेळ काय कळणार. आणि ज्याला एका कानानं कमी ऐकू येते त्याला जवळून तो दणका छातीत कळते.

मास्तरीण_आर्णी

सगळं वाचलं, छान माहिती आहे. पण भाऊ, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही बाबांना विचारलं का? व्हिडिओ पाहणं वेगळं आणि डोक्यावर फुटणं वेगळं. माझ्या मामेभावाला विहिरीवर सुरुंगाचा तोटा उडताना इजा झाली होती, तो आजही दिवाळीला दार लावून बसते, आणि तो मोबाईलवर सगळं पाहते बरं का. तिथं हजारो माणसात मधूनच उठून जाता येणार नाही. आधी गावातल्या एखाद्या लग्नात स्काय शॉट सुटतात तेव्हा बाबा कुठं उभे राहतात ते पहा.

चांगल्या कानासाठी मेडिकलमधून फोमचे बोळे नक्की न्या, राहिलेला कान जपायला पाहिजे. पासपोर्टची काळजी करू नका, मामेभावाची तीन बोटं नाहीत, जी आहेत त्यांचेच ठसे घेतले.

संत्रा_वरूड

पेरणीत जमतच नसेल तर दा नांगवर अडून राहू नका. मकाऊला 1989 पासून अशीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मकाऊ टॉवरसमोर पाण्यावर. तुमच्याकडं सोयाबीन नाही म्हणता म्हणजे सोंगणीची घाई नाही आणि कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे. फक्त तो वादळाचा मोसम आहे, तारीख पुढं ढकलली जाऊ शकते. स्पेनमध्ये सान सेबास्तियान गावी 1964 पासून ऑगस्टच्या मध्यावर आठवडाभर रोज रात्री असते, ला कोंचा नावाच्या खाडीवर, लोक आइस्क्रीम खात वाळूत उभे राहून पाहतात, पाहायला पैसे नाहीत. खरं म्हणजे समुद्रावरची आतषबाजी म्हणावी तर ती. पण विमान महाग, शेंगेन व्हिसाची कटकट, आणि पोळा जवळ आलेला असते, बैल सोडून बाबा येतील का ते तुम्हीच जाणा.

जुना_शॉटफायरर

गावात परत करण्याबद्दल लिहायचं राहिलं. घरी बनवू नका, हे हात जोडून सांगतो. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, 2008 च्या स्फोटक नियमांत सगळं लिहिलं आहे, आणि हे परवाने पाहणारी पेसो म्हणजे केंद्राची स्फोटक सुरक्षा संघटना, तिचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. नीरी, म्हणजे पर्यावरणावर संशोधन करणारी सरकारी संस्था, पण नागपूरचीच, 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हरित म्हणजे कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांचं काम तिथंच झालं. केरळात कोल्लमजवळ पुट्टिंगल देवळात 10 एप्रिल 2016 ला पहाटे आतषबाजीच्या साठ्याला आग लागून शंभरावर माणसं गेली. गावानं वर्गणी काढून परवानावाला माणूस बोलावला आणि बाबांना कुठला नळा कधी लावायचा ते विचारलं तर त्यांचा मान राहते आणि बोटंही राहतात.

पऱ्हाटी_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून दोन दिवस काहीच केलं नाही. मग रविवारी शेजारच्या गावात लग्न होतं, बाबांना घेऊन गेलो. स्काय शॉट सुटायला लागले तेव्हा पहिल्या दोन आवाजाला बाबांनी माझं मनगट धरलं, घट्ट. तिसऱ्याला सोडलं. मग मान वर करून शेवटपर्यंत पाहत राहिले आणि घरी येताना म्हणाले, "नुसता आवाज हाये, रंगात काई दम नाई."

रात्री बसून काकांचं उत्तर वाचून दाखवलं. निखारे झडतात हे ऐकल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, कीस न घालता नुसत्या कोळशाचा एक नळा त्यांनी एकदा केला होता, तो लोकांना फिक्का वाटला म्हणून परत केला नाही. तुराटीचं वाचल्यावर आईला हाक मारून सांगितलं, तिनं त्या कोळशापायी किती लुगडी काळी केली ते तिनं ऐकवलं.

तर ठरलं असं, फायनल. बाबा स्वतःच म्हणाले, पेरणी होऊ दे, डवरण लहान्या पाहीन. कोरडं गेलं आणि दुबार पेरणीची वेळ आली तर मात्र मकाऊ, तेही त्यांनी मान्य केलं आहे. दोघांच्या पासपोर्टचा फॉर्म काल भरला, गॅलरीचं तिकीट आणि कानाचे बोळे दोन्ही लिहून ठेवले आहेत.

काल जेवताना विचारत होते, नदीपासून समुद्र किती दूर. मी म्हटलं दीड-दोन किलोमीटर. म्हणे, "मंग पायीच जाऊ."