कारखान्यात युनियन हवी की नको? आणि हवी तर अंतर्गत की बाहेरची?

पाळी_तिसरी (प्रश्न)

चाकण भागातला, वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. कायम कामगार १८६, कंत्राटी २४० च्या आसपास, ट्रेनी वेगळे. युनियन नाही. पगारवाढ दरवर्षी एचआर ठरवतं आणि पत्र हातात पडतं. आता नोंदणीची बोलणी चालू आहेत, पण एकमत नाही. काहींना आपल्यातलीच अंतर्गत युनियन हवी, बाहेरचा माणूस नको. काहींच्या मते मोठ्या नावाशिवाय व्यवस्थापन दारातही उभं करणार नाही. आणि बरेच जण गप्प आहेत, कारण युनियन आली की कारखाना दुसऱ्या राज्यात जाईल अशी त्यांना धास्ती वाटते.

कायदा, करार, हिशेब यातलं ज्यांना नीट कळतं त्यांनी फायदे आणि तोटे दोन्ही लिहावेत. घोषणा नकोत, नेमकं लिहा.

हिशेबवही

युनियन हवी, हे माझं स्पष्ट मत. प्रत्येकाच्या हातात वेगळं पत्र पडतं तिथे बोलणी होतच नाहीत, फक्त पोच दिली जाते. पण नोंदणी झाली म्हणजे मान्यता, म्हणजे कामगारांच्या वतीने वाटाघाटी करण्याचा हक्क, मिळाली असं नाही. बहुतेक नव्या युनियन इथेच ठेचकाळतात.

नोंदणीच्या अर्जावर किमान सात सह्या लागतात, आणि एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यांतला जो आकडा कमी तेवढे सभासद. १८६ धरले तर १९. सोबत घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि सभेचा ठराव. हे महिन्याभरात जमतं.

मान्यतेचं गणित वेगळं. राज्याच्या १९७१ च्या कायद्यात निकष होता ३० टक्के सभासद, तेही अर्जाआधीचे सहा महिने सलग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक युनियन असतील तर एकटीने वाटाघाटी करायला हजेरीपटावरचे ५१ टक्के लागतात. ते कुणाकडेच नसले तर वाटाघाटी परिषद बसते, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. ३० टक्क्यांचे होतात ५६, ५१ टक्क्यांचे होतात ९५. तुम्ही ९५ वरही थांबू नका, १२० धरून चला. सभासदसंख्येच्या पडताळणीच्या दिवसापर्यंत काही जण नोकरी सोडतात आणि काही जणांना सुपरवायझरचं पदनाम देऊन यादीतून बाहेर काढलं जातं.

पडताळणीत युनियन हरते ती बहुधा कागदावर. सहा महिन्यांच्या पावत्या एकाच दिवशी, एकाच पेनाने फाडलेल्या असतात. पावतीपुस्तकाचे क्रमांक तुटलेले असतात. वर्गणी रोख घेतलेली असते, पण बँकेत जमा नसते. म्हणून पहिल्या दिवसापासून छापील क्रमांकाचं पावतीपुस्तक, दोन सह्यांचं बँक खातं, कार्यकारिणीची निदान तीन महिन्यांतून एक बैठक आणि तिचं इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून सह्या. वार्षिक विवरणपत्र वेळेवर भरा. ते चुकलं की नोंदणी रद्द होण्याची वाट मोकळी होते.

वर्गणी पगारातून कापून घेण्याची सोय आहे, त्याला प्रत्येकाची लेखी संमती लागते. तरी सुरुवातीला ती वाट धरू नये असं मला वाटतं. सभासदांची पूर्ण यादी व्यवस्थापनाच्या टेबलावर आयती जाते. शिवाय महिन्याला हातात वर्गणी मागायला जाणारा कार्यकर्ता लोकांच्या तक्रारीही ऐकून येतो. कपात सुरू झाली की तो फिरायचा थांबतो.

नोंदणी होताच संरक्षित कामगारांची नावं लेखी द्या आणि पोच घ्या. कामगारसंख्येच्या १ टक्का, पण किमान पाच, अशी ती संख्या असते. तुम्हाला पाच मिळतील. वाद प्रलंबित असताना या पाच जणांना सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही. नावं निवडताना अध्यक्ष-सरचिटणीसांवर थांबू नका, पावतीपुस्तक सांभाळणाराही त्यात हवा.

स्टॉपवॉच

वर मान्यतेचं आलंय, मी कराराचं लिहितो. युनियनचा खरा फायदा तिथे दिसतो आणि खरं नुकसानही तिथेच होतं.

पुणे पट्ट्यात करार साधारण तीन वर्षांचा. "बारा हजारांचा करार झाला" म्हणून गुलाल उधळला जातो, पण ते बारा हजार कधी हातात पडणार हे कुणी विचारत नाही. तिन्ही वर्षांत समान वाटले तर पहिल्या वर्षी महिना ४,०००, दुसऱ्या वर्षी ८,०००, तिसऱ्या वर्षी १२,०००. छत्तीस महिन्यांत एका कामगाराला मिळाले २,८८,०००. तोच करार ६०-२०-२० टक्क्यांनी लावला तर ७,२००, ९,६००, १२,०००; एकूण ३,४५,६००. फरक ५७,६०० रुपयांचा, आणि करारावरचा मथळा मात्र दोन्हीकडे एकच.

दुसरं, वाढ कशात पडते? मूळ पगार आणि महागाई भत्त्यात, की इतर भत्त्यांत? मूळ पगारात ६,००० वाढले तर ग्रॅच्युइटीत सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ६,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे सुमारे ३,४६१ रुपये वाढतात. वीस वर्षांच्या माणसाला जवळपास ६९,२०० चा फरक. पीएफ वेगळाच. वेतन संहितेप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले की जास्तीची रक्कम वेतनात धरावी लागते, त्यामुळे वाढ भत्त्यांत टाकण्याची जुनी पळवाट बरीच अरुंद झाली आहे. पण निम्म्यापर्यंत ती उघडीच आहे. आणि करारातली रक्कम "सीटीसी" (कामगारामागे कंपनीला येणारा एकूण खर्च) असेल तर मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि बोनस त्यातच मोजलेला असतो. बारा हजारांतले हातात किती, हे सहीच्या आधी प्रत्येक ग्रेडच्या एका नमुना पगारपत्रकावर मांडून घ्या.

तिसरं आणि सगळ्यात दुर्लक्षित कलम म्हणजे उत्पादन. वाढीच्या बदल्यात नॉर्म, म्हणजे पाळीमागे काढायची नगसंख्या, वाढवून घेतला जातो. आठ तासांची पाळी ४८० मिनिटांची. जेवणाची ३० आणि चहाची १०-१० मिनिटं वजा केली की ४३०. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ७२ सेकंद धरला तर ३५८ नग निघतात. पण माणूस म्हणजे यंत्र नव्हे. थकवा, पाणी, लघवी, टूल बदलणं यासाठी सायकल टाइमवर १२ टक्के सूट चढवली तर तोच आकडा ३२० वर येतो. ही सूट करारात टक्केवारीसह लिहिलेली नसेल तर तीन वर्षं रोज ३८ नगांचा तगादा सोसावा लागतो. टाइम स्टडी (कामाला लागणाऱ्या वेळेची मोजणी) होताना युनियनचा एक माणूस शेजारी घड्याळ घेऊन उभा राहील, कच्चा माल नेहमीच्याच दर्जाचा असेल आणि निरीक्षण नव्या टूलवर नव्हे तर मधल्या वयाच्या टूलवर होईल, एवढं तरी मागून घ्या. हे काम बाहेरचा नेता करू शकत नाही. लाइनवरच्या माणसालाच ते येतं, म्हणून अंतर्गत समिती बळकट हवी असं मी म्हणतो.

करार मुदत संपल्यावर लांबला तर "सहीच्या तारखेपासून लागू" हे शब्द कधीही मान्य करू नका. जुना करार संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू, आणि फरकाची रक्कम कोणत्या महिन्याच्या पगारात येणार हेही त्यातच लिहा.

पाळी_तिसरी

पगारपत्रकाचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. बाहेरचा नेता घ्यायचा की नाही, यावर अजून मतं हवीत. १९८२ चा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातोय.

चाळ_नंबर_९

१९८२ च्या गिरणी संपाचा दाखला देताना लोक संपाचे नेते दत्ता सामंत यांच्यापाशी थांबतात, कायद्यापर्यंत जात नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्यांत पगार-बोनस होताच, बदली कामगारांना (गैरहजर माणसाच्या जागी रोज लागणाऱ्यांना) कायम करणं होतं, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणंही होतं. त्या कायद्याने एका भागातल्या संपूर्ण कापड उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन ठरत असे आणि त्यासाठी २५ टक्के सभासद पुरत. ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं. कामगार एकीकडे आणि बोलणी करण्याचा हक्क दुसरीकडे, अशी ती कोंडी होती. व्यवस्थापन आणि सरकार दोघांनाही "तुमच्याशी आम्ही बोलूच शकत नाही" असं म्हणता येत होतं. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या पुढे विकल्या गेल्या आणि जमिनींवर टॉवर उभे राहिले.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. कामगारांना न विचारता कायम राहिलेली एकाधिकारी युनियन ही युनियन नसण्यापेक्षाही घातक ठरू शकते. आणि परतीची वाट न ठरवता पुकारलेला बेमुदत संप मालकाच्या सोयीचा असतो, विशेषतः जिथे यंत्रांपेक्षा जमीन महाग आहे किंवा दुसरा प्लांट तेच पार्ट बनवतो. तुमच्या कारखान्याचा दुसरा प्लांट आहे का, गिऱ्हाईक कंपनी किती दिवसांचा साठा ठेवते, हे संपाचा शब्द उच्चारण्याआधी माहीत हवं.

बाहेरच्यांबाबत कायद्याचीच मर्यादा आहे: एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांतले जे कमी तेवढेच. म्हणजे सात-आठ जणांच्या कार्यकारिणीत दोनच. माझा सल्ला असा की बाहेरचा माणूस घ्या, कारण एचआर त्याची पाळी बदलू शकत नाही आणि त्याला मेमो देऊ शकत नाही. पण सहीचा अधिकार त्याच्या एकट्याकडे ठेवू नका. घटनेतच लिहून ठेवा: कराराचा मसुदा सर्वसाधारण सभेत वाचल्याशिवाय आणि गुप्त मतदान झाल्याशिवाय कुणीही सही करणार नाही. दर दोन वर्षांनी निवडणूक, हेही घटनेत. नाहीतर वर्गणी आपली आणि युनियन दुसऱ्याची, असं होतं.

नाका_कामगार

तोट्यांबद्दल इथे अजून हात राखूनच लिहिलं जातंय.

सगळ्यात मोठा तोटा असा की कायम कामगारांची युनियन कंत्राटींच्या पाठीवर उभी राहते. १८६ जणांचा करार होतो, त्याचा खर्च व्यवस्थापन २४० जणांकडून वसूल करतं आणि युनियन त्याकडे बघत नाही. दहा वर्षांनी कायम उरतात ९०, कारण निवृत्त झालेल्याची जागा कंत्राटी किंवा ठरावीक मुदतीच्या माणसाने भरलेली असते. मग संपाची ताकदच संपलेली असते. ज्यांनी कंत्राटींसाठीच युनियन उभारली त्यांचं काम बघा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि २०१७ साली त्यांना कायम करण्याचा निर्णय मिळवला. वर्षानुवर्षं हजेरीच्या नोंदी, ओळखपत्रं, कामाच्या जागा जमवत गेलं तरच असं उभं राहतं. तुम्ही आजपासून कंत्राटी कामगारांच्या गेटपासच्या झेरॉक्स, ईएसआय (कामगार विमा) क्रमांक आणि त्यांना कामाच्या सूचना कोण देतं याची नोंद ठेवायला लागा. मागणीपत्रात निदान तीन गोष्टी त्यांच्यासाठी घाला: कायम जागांची किमान संख्या, त्याच कामाला तोच कॅन्टीनदर व सुरक्षासाधनं, आणि भरतीत त्यांना सेवाज्येष्ठतेने प्राधान्य.

दुसरा तोटा शिस्तीचा. सतत गैरहजर राहणाऱ्याचीही पाठराखण केली की त्याचं काम ओढणारे शेजारी युनियनवरून मन काढून घेतात. खातेनिहाय चौकशीत त्याला प्रतिनिधी जरूर द्या, तो त्याचा हक्क आहे. पण चौकशीच थांबवा असा दबाव आणू नका.

आणि "सगळ्यांनी एका दिवशी रजा टाकू" ही जुनी युक्ती आता चालत नाही. नव्या संहितेत ५० टक्के किंवा अधिक कामगारांची एकत्र किरकोळ रजा म्हणजे संपच. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. समेटाची कारवाई चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. विनानोटीस दहाजणांनी मिळून दांडी मारली तरी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापला जाऊ शकतो.

हिशेबवही

कंत्राटींबद्दलच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. त्यात एवढीच भर: ट्रेनींनाही यादीबाहेर ठेवू नका. नावाला प्रशिक्षणार्थी आणि काम मात्र पूर्ण मशीनचं, असं असेल तर त्यांची रोजची प्रॉडक्शन शीट हाच पुरावा. तिचा मोबाइलवर फोटो ठेवण्याआधी कारखान्यात फोनबंदी आहे का ते बघा, नाहीतर त्यावरूनच मेमो निघेल. त्यापेक्षा नगसंख्या आणि मशीन क्रमांक रोज घरी वहीत लिहून, खाली तारीख टाका.