मदत हवी आहे: आरोग्य सेतू अनइन्स्टॉल केलं की सर्व्हरवरची माहितीही जाते का?

निवडुंग: अँड्रॉइड १० चा जुना फोन दुसऱ्याला द्यायचा आहे. त्यात २०२० पासून आरोग्य सेतू (करोनाचं सरकारी संपर्कशोध ॲप) आहे, ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू. नुसतं अनइन्स्टॉल पुरे का? आणि रुग्णाशी आलेला संपर्क ब्लूटूथवर कळतो, तर लोकेशन कशाला मागत होते?

काजवा_२१: पुरे नाही. अनइन्स्टॉल केल्याने फक्त फोनमधलं जातं. नाव, मोबाईल नंबर, वय, लिंग, व्यवसाय, परदेश प्रवास ही नोंदणीची माहिती सर्व्हरवर होती. जुलै २०२० च्या अपडेटपासून ॲपच्या सेटिंगमध्ये खातं डिलीट करायची सोय आली. आधी ते करा, मगच ॲप काढा. उलट क्रमाने गेलात तर पुन्हा इन्स्टॉल करून ओटीपीने आत शिरावं लागेल. म्हणून सिम तोवर बंद करू नका. बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, मग ओटीपी त्याच्याकडे जाणार.

शेवंती: लोकेशनबद्दल. यात दोन गोष्टींची गल्लत होते. अँड्रॉइड ११ पर्यंत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायलाच लोकेशनची परवानगी लागायची. १२ पासून त्याला वेगळी परवानगी आहे. पण आरोग्य सेतू खरोखरच जीपीएस वापरत होतं. दर १५ मिनिटांनी तुम्ही कुठे आहात ते फोनमध्ये नोंदवलं जाई आणि ३० दिवस राही. चाचणी पॉझिटिव्ह आली की ते सर्व्हरवर चढवायची तरतूद होती. दोन फोन जवळ आले होते एवढं कळायला जागा माहीत असण्याची काहीच गरज नसते, माझा आक्षेप तिथेच आहे.

निवडुंग: मग जीपीएसशिवाय चालणारं ॲप होतं कुठे?

शेवंती: जर्मनीचं कोरोना-वॉर्न-ॲप, १६ जून २०२०. गुगल-ॲपलच्या पद्धतीवर. फोन रोज नवी किल्ली (गुप्त आकडा) बनवायचा, तिच्यातून निघणारा ओळख-आकडा साधारण १० ते २० मिनिटांनी बदलायचा. समोरच्या फोनला फक्त तो ओळख-आकडा दिसायचा. रुग्णाने संमती दिली तरच त्याच्या किल्ल्या सर्व्हरवर जायच्या, आणि जवळ आलेल्या आकड्यांशी त्यांचा ताळा प्रत्येकाच्या फोनमध्येच व्हायचा. आपल्याकडे नोंदणीच्या वेळी मिळालेला आयडी कायम तोच राही, शिवाय सर्व्हरवर तो मोबाईल नंबरशी जोडलेला.

काजवा_२१: सिंगापूरचं उदाहरणही ध्यानात ठेवा. तिथलं संपर्कशोध ॲप ट्रेसटुगेदर फक्त साथीसाठी असं सांगितलं होतं; जानेवारी २०२१ मध्ये सरकारनेच मान्य केलं की पोलीस गुन्ह्याच्या तपासासाठी ती माहिती मागू शकतात. महिन्याभरात कायदा करून ते सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरतं आवळावं लागलं. माहिती एका जागी साठली की तिला दुसरं गिऱ्हाईक मिळतं. आपल्या संपर्कशोधाचा भाग बंद करून ती माहिती पुसल्याचं सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलं. तरीही नोंदणीचं खातं तुम्ही स्वतः काढा. ते झालं की फोनमधून गुगल खातं काढून फॅक्टरी रीसेट मारा, मगच फोन द्या.