नेव्हाडा कायमचं रिपब्लिकन? घाई नको

सह्यवारा: "अमेरिकेतलं नेव्हाडा राज्य आता कायमचं रिपब्लिकन, 2028 च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिकडे बघायचीही गरज नाही," असं कालच्या चर्चेत कुणीतरी ठोकून दिलंय. अहो, 2024 ला ट्रम्प तिथे जेमतेम 3 टक्क्यांनी जिंकले आणि त्याच मतपत्रिकेवर डेमोक्रॅट जॅकी रोझेन सिनेटवर निवडून आल्या. 2022 ला गव्हर्नर रिपब्लिकन, सिनेटर डेमोक्रॅट, तीही आठेक हजार मतांनी. यात कायमचं काय दिसलं?

तर्कट: क्लार्क काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) दिसली. लास व्हेगस तिच्यात, राज्यातली दहापैकी सातेक मतं तिच्यात. ग्रामीण काउंट्या कितीही उलट गेल्या तरी पुरेल एवढी आघाडी डेमोक्रॅट इथे घ्यायचे. 2020 ला बायडन यांना 9 टक्क्यांची मिळाली, 2024 ला हॅरिसना 3 ची सुद्धा नाही. रेनोची वॉशो काउंटी हॅरिसकडेच राहिली, तरी राज्य गेलं. कॅसिनोतला वेटर घरभाडं बघून मत देतो. टिपवरचा कर काढू, हे ट्रम्प यांनी जून 2024 मध्ये व्हेगसलाच जाहीर केलं ते त्यासाठीच.

सह्यवारा: म्हणजे महागाईने सत्ताधाऱ्यांना बुडवलं. 2028 पर्यंत सत्तेत कोण? पर्यटक घटले की शिफ्ट कापतात. टिपच नाही तर करमाफी कशावर?

पाटीपेन्सिल: दोघंही नोटा विसरलात. "यांपैकी कोणीही नाही" हा पर्याय तिथे 1975 च्या कायद्याने आला, आपल्याकडे 2013 ला. 2016 मध्ये क्लिंटन 27,202 मतांनी जिंकल्या, नोटाला 28,863!

तर्कट: ती मतं ट्रम्पनाच गेली असती हे कशावरून? शिवाय तिथल्या नोटाला दातच नाहीत. 2014 ला डेमोक्रॅटांच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) नोटा 30 टक्के मतं घेऊन पहिला आला, उमेदवारी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मिळाली. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक, हे आयोगाने 2018 ला ठरवलं. तसं तिथे काही नाही.

पाटीपेन्सिल: दात मोजत बसू नका! नाराज माणूस विरोधी पक्षाला मत देत नाही, इथे येऊन थांबतो. फेब्रुवारी 2024 च्या रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांचं नाव नव्हतं, ते कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या सभांतून होणाऱ्या वेगळ्या निवडीत होते. प्रायमरीत त्यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली नोटाकडून हरल्या, नोटाला 63 टक्के. हे ठरवून दिलेलं मत आहे. रोझेन यांच्या आघाडीपेक्षाही नोटाची मतं जास्त होती. वाचून तरी बोला.

तर्कट: वाचलंय, आवाज खाली ठेवा. सिनेटपुरतं मान्य करतो. अध्यक्षपदाला नाही: 2024 ला ट्रम्प यांची आघाडी 46,008, नोटा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

कोकणकडा: नोटा पुरे. तिथे मतपत्रिका घरोघरी टपालाने जाते आणि लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. तरुणांची नोंदीतली सही बहुधा लायसन्स काढताना स्क्रीनवर केलेली, मग लिफाफ्यावर पेनने केलेली जुळणार कशी? जुळली नाही की मत बाजूला. 2024 ला दुरुस्तीची मुदत मतदानानंतर सात दिवस, 12 नोव्हेंबरपर्यंत होती. आठेक हजारांच्या निकालात या बाजूला पडलेल्या लिफाफ्यांमागे ज्या पक्षाची माणसं फोन करत फिरतील, 2028 ला मी त्याच्याकडे बघेन.