विचलन कृतीत असतं की बघणाऱ्यांच्या प्रतिक्रियेत?

परीक्षार्थी
समाजशास्त्राच्या पेपरला विचलन, म्हणजे समाजमान्य वागण्यापासून ढळणं, हे प्रकरण आहे आणि त्यात प्रत्येक लेखक वेगळंच सांगतो. डर्कहाइम गुन्ह्याला समाजाची सर्वसामान्य बाब मानतो, मर्टन समाजरचनेतल्या ताणाकडे (ध्येय आणि ते गाठायचे मान्य मार्ग यांच्यातल्या ओढाताणीकडे) बोट दाखवतो, तर बेकर म्हणतो शिक्का बसला म्हणून विचलन. ‘एका उदाहरणाला तीन दृष्टिकोन लावा’ असा १५ गुणांचा प्रश्न आहे. मी परीक्षेतली कॉपी घेतली, पण तिन्ही परिच्छेदांत ‘कॉपी वाईट आणि ती वाढते आहे’ एवढंच उतरतं. कुठे चुकतंय? आणि तिघांत बरोबर कोण?

तिरपागडा
‘बरोबर कोण’ हे आधी सोडा, कारण तिघांचे प्रश्नच वेगळे आहेत. डर्कहाइम (१८९५) विचारतो, विचलन नसलेला समाज सापडत का नाही? मर्टन (१९३८) विचारतो, लोक नियम का मोडतात? बेकर (१९६३) विचारतो, नियम केला कोणी आणि मोडणाऱ्यांपैकी शिक्का कोणावर बसतो? प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात त्या त्या प्रश्नाने करा, म्हणजे तीनदा तेच लिहिलं जाणार नाही.

मर्टनसाठी आधी दोन गोष्टी ठरवा: समाजाने गौरवलेलं ध्येय (गुण) आणि मान्य मार्ग (अभ्यास). मग पाचही प्रतिसाद बसवा. अभ्यास करून गुण मिळवू पाहणारा अनुरूप. गुण हवेत पण मार्ग बदलला, तो नवप्रवर्तक, म्हणजे आपला कॉपीबहाद्दर. गुणांची आशा सोडूनही रोज तासाला बसून वह्या भरणारा कर्मकांडवादी. दोन्ही सोडून वर्गात यायचंच बंद केलेला पलायनवादी. परीक्षापद्धतीच नको, दुसरी आणा म्हणणारा बंडखोर. गुण जातात ते कर्मकांडवाद्यावर. तो एकही नियम मोडत नाही, म्हणून लोक त्याला अनुरूपात टाकतात. पण त्याने ध्येय सोडलंय, त्यामुळे मर्टनच्या हिशेबी तोही विचलितच.

शेवटचा_बाक
बेकर लिहिताना कॉपी करणाऱ्याकडे बघूच नका, पर्यवेक्षकाकडे बघा. दोन मुलं सारखीच चिठ्ठी काढतात. एकाची चिठ्ठी काढून घेऊन ‘पुन्हा नको’ म्हटलं जातं, दुसऱ्याची उत्तरपत्रिका जप्त होऊन अहवाल जातो. कृती तीच, प्रतिक्रिया दोन. हा फरक कशामुळे पडला, तेच तुमचं उत्तर.

पुराव्याला चॅम्ब्लिसचा अभ्यास (१९७३) घ्या. एकाच शाळेतली मुलांची दोन टोळकी, एक आठ जणांचं, दुसरं सहा जणांचं. दोन्ही उपद्व्यापी. आठ जण चांगल्या घरचे, मोटारी असलेले, पकडलं तर नम्रपणे माफी मागणारे. सहा जण गरीब, गावातच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहणारे, पोलिसांना उलट बोलणारे. आठांपैकी एकालाही अटक झाली नाही, सहा जण मात्र सतत पोलिसांच्या कचाट्यात. चॅम्ब्लिसने कारणं दिली ती दृश्यता, वागण्याची रीत आणि पोलिसांचा पूर्वग्रह.

त्यापुढे लेमर्ट (१९५१) जोडा. पहिली चिठ्ठी हे प्राथमिक विचलन, त्याने स्वतःबद्दलची कल्पना फारशी बदलत नाही. पण शाळाभर ‘कॉपीवाला’ म्हणून ओळख झाली, हुशार मुलं अभ्यासगटात घेईनात आणि तो त्या ओळखीलाच धरून वागू लागला, की ते दुय्यम विचलन. ‘दुय्यम’ म्हणजे ‘दुसऱ्यांदा केलेलं’ असं लिहू नका, ही चूक सर्रास दिसते.

परीक्षार्थी
मग खूनसुद्धा नुसता शिक्काच?

तिरपागडा
मृत्यू खराच असतो, ते बेकर नाकारत नाही. पण युद्धात सैनिकाने, फाशी देताना जल्लादाने आणि स्वसंरक्षणात कोणी जीव घेतला, तर त्याला खून म्हणत नाहीत. कोणतं मारणं खून ठरतं, ते समाज ठरवतो.

खडूस_वाचक
बेकरमध्ये एक गोची आहे, ती लिहिलीत तर उत्तर उठून दिसेल. त्याच्या चार खान्यांच्या तक्त्यात ‘गुप्त विचलित’ येतो: नियम मोडला, पण कोणाला कळलं नाही. विचलन जर प्रतिक्रियेनेच घडत असेल, तर प्रतिक्रियाच नसलेला माणूस विचलित कसा? टीकाकारांनी नेमकं इथेच धरलंय. सुटका एवढीच, की नियमभंग आणि विचलन हे दोन शब्द उत्तरभर वेगळे वापरायचे.

डर्कहाइमला ‘गुन्हा चांगला’ म्हणायला लावू नका. त्याचं म्हणणं असं, की शिक्षेमुळे सामूहिक भावना पक्क्या होतात आणि सीमा कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं. संतांच्या मठातही क्षुल्लक चुकीला तिथल्यापुरतं गुन्ह्याचं वजन येईल, हे उदाहरण त्याचंच.

जागा उरली तर साइक्स आणि मात्झा (१९५७) यांनी सांगितलेली, नियम मोडणारा स्वतःच्या कृतीसाठी देतो ती पाच समर्थनं घ्या: माझा इलाज नव्हता, कोणाचं नुकसान झालं नाही, त्याच्या वाट्याला हेच यायला हवं होतं, बोट दाखवणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे, मित्रासाठी केलं. ‘सगळेच करतात’ हे त्या मूळ पाचांत नाही. तरी दर दुसऱ्या उत्तरपत्रिकेत ते असतंच.

आणि हिर्शी (१९६९) इथे कोंबू नका. त्याचा प्रश्न उलटा आहे: बहुतेक लोक नियम का पाळतात? जिव्हाळा, बांधिलकी, गुंतणूक आणि श्रद्धा या माणसाला समाजाशी बांधणाऱ्या चार बंधांचा विस्तार केलात तर बेकरला जागाच उरणार नाही.