अनुभव धागा: खाण्यावर लिहिताना तुमची वाट कुठे सापडली?

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मला खाण्यावर लिहायचंय, त्यातच काहीतरी करून दाखवायचंय. सुरुवात कुठून करू?" मी तिला बरंच काही सांगितलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की तो सगळा माझा रस्ता होता. तिचं गाव वेगळं, घर वेगळं, चूल वेगळी. म्हणून तुम्हा सगळ्यांना बोलावते आहे. वाट कशी सापडली, कुठे चुकली, पैशाचं काय झालं, जसं घडलं तसं सांगा.

सुरुवात मी करते. मी पुण्यात राहते, अकरा वर्षं लिहिते आहे. पहिली तीन वर्षं एका पुरवणीला आठवड्याला एक कृती द्यायचे. पास्ता, बिनअंड्याचा केक, बेक केलेल्या भाज्या, म्हणजे तेव्हा सगळेच देत होते तेच. मग एका नारळी पौर्णिमेला नारळीभात दिला आणि चार जणींचे फोन आले, भात कच्चा राहिला म्हणून. मी 'तांदूळ अर्धा शिजला की गूळ घाला' असं लिहिलं होतं. गूळ पडल्यावर तांदूळ पुढे शिजत नाही, हे माझ्या सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या भात पूर्ण शिजवून, परातीत मोकळा करून मगच गुळात घालायच्या. मी रोज त्यांच्या शेजारी उभी असून कधी विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी घरातल्या चार वाट्या पाण्याने भरून मोजल्या. १२०, १५०, १७० आणि २०० मिलिलिटर! तीन वर्षं मी बिनधास्त 'एक वाटी' लिहीत आले होते. तेव्हापासून प्रत्येक कृतीत वाटीचं माप देते आणि प्रत्येक पायरीला 'असं का' तेही लिहिते. फोडणीत हिंग कधी, चिंच डाळ शिजल्यावरच का, दुधात गूळ घालताना गॅस बंद का. माझे वाचक त्या 'का'साठी येतात, हे मला पुढे त्यांच्याच पत्रांतून कळलं.

जळगावहून

मी कॉलेजात मराठी शिकवतो. घरची शेती आहे. लिहायची हौस आली तेव्हा पहिले सहा लेख लखनौची बिर्याणी, इराणी चहा अशा विषयांवर लिहिले. लखनौ मी पाहिलेलंही नव्हतं. इकडून तिकडून वाचून लिहिलेलं ते, वाचणाऱ्यालाही तसंच लागलं असणार.

मग हिवाळ्यात मळ्यात भरताची पार्टी होती. आमच्याकडे हे दरवर्षीचंच, त्यामुळे त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं वाटायचं नाही. पण मुंबईहून आलेला एक मित्र प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारत होता. वांगी एवढी मोठी आणि हिरवट का? गॅसवर का नाही भाजत? त्याला उत्तरं देता देता माझा लेख तयार झाला. भरताच्या वांग्यात बिया कमी असतात, गर मऊसूत असतो. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळल्या काड्यांचा जाळ झपकन पेटतो आणि लवकर बसतो, त्यामुळे साल करपून धूर आत मुरतो, गर मात्र जळत नाही. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण ठेचायचा, त्यातच वांगी घोटायची. कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली.

जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी सगळीकडे आली, पण काड्यांबद्दल कुणी लिहिलं नव्हतं. माझा तो लेख एका दिवाळी अंकाने घेतला आणि ८०० रुपये मानधन दिलं. संपादकांनी आमच्या लेवा गणबोलीतले शब्द बदलून प्रमाण शब्द घातले होते. मी फोन करून तासभर बोललो. शेवटी शब्द राहिले, खाली अर्थ आले. ८०० रुपयांपेक्षा त्या तासाचं समाधान मला आजही जास्त आहे. आता मी वर्षाला तीनच लेख लिहितो, सगळे तापी खोऱ्यातले.

शहापूरहून

माझी गोष्ट एका चुकीची आहे आणि ती मी मुद्दाम सांगते.

मी शाळेत शिक्षिका आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बाजारात ठाकर आणि कातकरी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. रंगरूप पाहूनच मोह होतो. एका मावशींकडून घेतली, त्यांनी सांगितलं तशी केली, फार सुंदर झाली. मी लगेच लिहून टाकलं, फोटोही छान आला. पण मावशींनी शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर हिरवी आंबट काकडं दिली होती, ती मी 'चवीसाठी' म्हणून लिहिली आणि पुढे कंसात 'नसल्यास चालेल' असं घातलं. दोन दिवसांनी डोंबिवलीहून एका बाईंचा फोन. घरात चौघांच्या घशाला प्रचंड खाज, धाकट्याला बोलता येईना. त्यांनी काकडं घातली नव्हती, आतला पिवळा भागही काढला नव्हता, कारण मी तो काढा असं लिहिलंच नव्हतं.

शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, ते घशाला टोचतात. म्हणून पिवळा भाग टाकायचा, नीट शिजवायचं आणि काकडं किंवा चिंच यांचा आंबटपणा द्यायचाच द्यायचा. मावशींना यातलं ऑक्झलेट माहीत नव्हतं, पण करायचं काय ते पुरतं माहीत होतं. शास्त्र शिकलेली मी, आणि तेच गाळलं.

मुलगा संध्याकाळपर्यंत बरा झाला. मी त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याच रात्री लेखाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत दुरुस्ती लिहिली, जुना मजकूर तसाच ठेवून. तेव्हापासून कोणतीही रानभाजी स्वतः तीन वेळा निवडून, शिजवून, घरच्यांनी खाल्ल्याशिवाय तिच्याबद्दल लिहीत नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, लोत, फोडशी, प्रत्येकीचं निवडणं वेगळं आहे आणि माझं सगळं लिखाण आता त्या निवडण्याबद्दलच असतं. गंमत म्हणजे त्याचमुळे मला दोन कार्यशाळा मिळाल्या. मानधनाचा निम्मा भाग त्या मावशींना जातो. कार्यशाळेत बोलतातही त्याच, मी फक्त वही धरते.

पुण्याहून, पुन्हा मीच

शहापूरच्या ताई, चूक अशी उघड सांगायला धीर लागतो. तुमची दुरुस्ती मी तेव्हा वाचली होती आणि तेव्हापासून तुमच्या रानभाज्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवते.

चेन्नईहून

आमचं घराणं तंजावूरचं. आठ-दहा पिढ्या तिकडे झाल्या, घरात आजही आमच्या पद्धतीचं मराठी बोलतात. तुम्हाला ते ऐकायला जुनं वाटेल.

माझा पहिला गाजलेला लेख सांबारावर होता. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: संभाजी महाराज तंजावूरला पाहुणे आले, मुदपाकखान्यात आमसुलं संपली होती, तिथल्या शाहूजी राजांनी आमटीत चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले. मी ती इतिहास म्हणून लिहिली. लेख हजारोंनी वाचला. मग एका निवृत्त प्राध्यापकांचं चार ओळींचं पत्र आलं: शाहूजी १६८४ मध्ये गादीवर आले, संभाजी महाराज १६८९ मध्ये मारले गेले, त्या पाच वर्षांत मोगलांशी युद्ध चालू असताना ते तंजावूरला आल्याचा कागद आपण कुठे पाहिला? मी कुठेच पाहिला नव्हता. आजीने सांगितलं होतं, एवढंच.

त्या पत्राने मला कागदाकडे वळवलं. दोन वर्षं मोडी शिकलो. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन 'शरभेंद्र पाकशास्त्र' पाहिलं, दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातलं, मराठीतलं. आपल्याच भाषेतली राजवाड्यातल्या पदार्थांची वर्णनं वाचताना अंगावर काटा आला. आता मी लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: कागदात काय आहे, घरात काय सांगतात आणि मला काय वाटतं. आजीची गोष्ट मी सोडलेली नाही. ती 'आजी सांगायची' म्हणून येते, आणि त्या जागी ती जास्त शोभते. वाचक आता हजारोंनी नाहीत. पण जे आहेत ते आपल्या घरच्या वह्या घेऊन येतात.

बीड जिल्ह्यातून

मी बराच वेळ लिहू की नको करत होते.

आमच्या घरी काय शिजतं ते मी शाळेत कधी सांगितलं नाही. डब्यात भाकरी-चटणी असायची ते बरं होतं, तेवढं उघडता यायचं. घरी मात्र दोरीवर मांसाच्या चान्या वाळत असत. कडक उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवलेल्या चान्या पावसाळ्यात हाताला काम नसताना उपयोगी पडायच्या. पाहुणा वरच्या आळीतला असला की आई दोरी आत घ्यायची. मासिकांत 'मराठवाड्याची खाद्यसंस्कृती' म्हणून यायचं ते वाचून मला वाटे, आम्ही मग कुठले?

२०१५ मध्ये शाहू पाटोळे सरांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावरचं पुस्तक आलं. मला ते दोन वर्षांनी मिळालं. आमच्या घरातले शब्द पहिल्यांदा छापलेले पाहिले. पुस्तक संपवून मी ते आईला वाचून दाखवलं, ती मध्येच उठून गेली आणि परत येऊन म्हणाली, "यात पाणी किती घालायचं ते आपल्याकडं निराळंय." त्या एका वाक्याने मला लिहितं केलं. मी तिला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही, पण आपल्या घरचं लिही. गावाच्या वतीनं बोलू नको."

पहिला लेख छापणाऱ्यांनी मथळ्यात 'आदिम चवी' असा शब्द घातला होता. मी तो काढायला लावला. आम्ही आदिम नाही, आम्हाला मिळालं त्यात आम्ही रांधलं. पाटोळे सरांचं पुस्तक २०२४ मध्ये इंग्रजीत आलं तेव्हा एका इंग्रजी नियतकालिकाने मलाही लिहायला सांगितलं. चांगले पैसे मिळाले, आईला पीठगिरणीपर्यंत जावं लागू नये म्हणून घरघंटी घेतली. यश म्हणजे काय ते मला विचाराल तर आई आता दोरी आत घेत नाही.

नाशिकहून

वरचं वाचून थोडा वेळ काहीच लिहवेना. बीडच्या ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

माझा अनुभव व्यवहाराचा आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून देते. मी लेखांवर जगत नाही. मसाल्याच्या पाकिटामागच्या कृती, हॉटेलांची मेनूकार्डं, कुकरबरोबर येणारी पुस्तिका यांवर घर चालतं. यात कमीपणा नाही. पाकिटामागे साठ शब्दांत मिसळ बसवून पाहा म्हणजे कळेल. पण सुरुवातीला एका कंपनीने माझ्या चाळीस कृती घेतल्या, नाव कुठेही दिलं नाही आणि पुढे त्याच कृतींचं पुस्तक काढलं. माझ्या हातात करार नव्हता. वकिलांकडून कळलं ते असं: पाककृतीतल्या साहित्याच्या यादीवर कुणाचा मालकी हक्क नसतो, पण ती ज्या शब्दांत मांडली त्या मजकुराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण असतं. मात्र तो हक्क सहीने देऊन टाकता येतो. म्हणून आता काम घेण्याआधी लेखी ठरवते: नाव येणार का, फोटो कुणाचे, मजकूर एकदाच वापरणार की कायमचा. साहित्याचा खर्च वेगळा लावते. चाचणीसाठी कृती तीनदा करावी लागते आणि खवा, काजू माझ्या खिशातून जातात. बिलातून १० टक्के टीडीएस कापला जातो, तो परत मिळवायला विवरणपत्र भरा. माझ्या दोन मैत्रिणींनी कित्येक वर्षं ते पैसे तसेच सोडून दिले.

मुंबईहून

थोडक्यात सांगतो. हॉटेलांवर लिहायचो. मालक बोलावत, जेवण फुकट, मी कौतुक लिहायचो. २०२१ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम आणला, की मोबदला घेतला असेल तर ठळकपणे सांगा. मी 'जेवण हॉटेलकडून' असं लिहायला लागलो आणि तीन महिन्यांत निमंत्रणं थांबली. तेव्हापासून स्वतःच्या पैशाने जेवतो, महिन्यातून दोनच ठिकाणी, बहुधा गिरगाव, लालबाग, भायखळ्यातल्या जुन्या खानावळींत. बैठक मोडकी असली तरी तसं लिहितो. एका मालकाने ते वाचून खरंच बाकं बदलली आणि मला फोन करून सांगितलं.

सोलापूरहून

ज्या मुलीने हा प्रश्न ताईंना विचारला होता ती मीच. सगळं दोनदा वाचलं. माझ्याकडे तंजावूरचे कागद नाहीत, जंगल नाही, आमच्या घरी रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यावर काय लिहिणार, असंच मला वाटत होतं.

काल वजनकाटा घेऊन आजीजवळ बसले. ती ज्वारीचं पीठ मुठीने मोजते. मी तिला दहा वेळा मूठ भरायला लावली. प्रत्येक वेळी ६८ ते ७१ ग्रॅम. आजीचं वय ८१. भाकरी थापताना ती कडेला पातळ आणि मधे किंचित जाड ठेवते. मी विचारलं, कडक करायची तर सगळीकडे सारखी का नको? ती म्हणाली, मधेच जाड असली की वाळताना वाकडी होत नाही, दुरडीत एकावर एक बसते. आजोबा गिरणीत होते, पाळीला जाताना रुमालात चार बांधून न्यायचे, वाकडी भाकरी रुमालात मोडायची.

आज पुन्हा बसणार आहे. चटणीच्या शेंगा ती किती भाजते ते मला अजून नीट बघायचंय.