मदत हवी आहे: एकाच वेतातली भावंडं, एक बुटकं आणि एक उंच, असं का?

कुत्र्यांच्या जनुकांतलं कळणारं कुणी आहे का इथे?

काळ्या आणि भुरी एकाच वेतातले, आता दीड वर्षाचे. आई लहानखुरी, पण पाय चांगले लांब. बाप कोण ते तिलाच ठाऊक. भुरी उंच, सडपातळ, १७ किलो. काळ्याचे पाय इतके आखूड की पायरी उतरताना आधी छाती टेकते. ‘हा लहान चणीचा’ असं मी सगळ्यांना सांगत आलो. परवा त्याला उचलून काट्यावर उभा राहिलो, माझं वजन वजा केलं, तर स्वारी १९ किलो!

वाचलं की २००७ साली लहान जातींमध्ये आयजीएफ-१ या जनुकाचा एक ठरावीक नमुना सापडला. तो काळ्यात असेल तर १९ किलो कसे? नसेल तर पाय आखूड कसे? चाचणी करावी का?

प्रतिसाद १
तुम्ही बुटका आणि लहान यांत गल्लत करताय. आखूड पाय हे एफजीएफ-४ या जनुकाची एक जास्तीची प्रत १८व्या गुणसूत्रावर जाऊन बसल्यामुळे. डॅशहुंड, कॉर्गी, बॅसेट सगळे त्यातलेच. पायांच्या हाडांची वाढ लवकर आटोपते, धड-डोकं मात्र वाढत राहतं. बॅसेट बघा की, पाय वीतभर आणि वजन २५ किलोच्या वर! एकच प्रत पुरते. बापाकडून काळ्याला मिळाली असेल, भुरीला नाही. एका वेतात दोन बापही असू शकतात, तो भाग वेगळा.

एकूण आकारमानात वीसेक जनुकांचा हात असतो, आयजीएफ-१चा वाटा साधारण १५ टक्के. आणि आयजीएफ-१मधला लहान आकाराचा तो बदल माणसाने घडवलेला नाही बरं का. ५४,००० वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या लांडग्यातही तो सापडलाय.

चाचणी करा, पण १२व्या गुणसूत्रावर एफजीएफ-४ची अशीच आणखी एक प्रत आहे का, त्यासाठी. त्या प्रतीमुळे मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात, सरकतात, मागचे पाय लुळे पडू शकतात. वजन उतरवा, उड्या बंद.

धागाकर्ता
बाप रे, हा तर दिवसातून दहा वेळा सोफ्यावरून उडी मारतो! आजच फळी लावतो. उतार किती ठेवू? आणि गुळगुळीत फळीवर काय चिकटवू, म्हणजे हा घसरणार नाही?